उर्वाने मावशीला विचारले होते

रावेरकडच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी कुणीतरी कुराणातल्या सूरह (अध्याय) यूनुसची ९४वी आयत (वचन) टाकली: आम्ही तुझ्याकडे जे उतरवले त्याविषयी तू शंकेत असशील, तर तुझ्याआधीपासून ग्रंथ वाचणाऱ्यांना विचार. खाली शेरा होता की प्रेषितांनाच खात्री नव्हती, मग ‘इस्मत’, म्हणजे प्रेषित पाप-प्रमादापासून सुरक्षित असतात हा सिद्धांत, उरला कुठे? बरीच हमरीतुमरी झाली आणि शेवटी थोरल्या चाचांनी ‘असले विषय काढायचे नाहीत’ असा दम भरला.

इकडे लंडनमध्ये हाइड पार्कच्या कोपऱ्यावरही रविवारी अशा आयती एकमेकांच्या तोंडावर फेकल्या जातात. तेव्हा इकडचे लोक फार समंजस, असे मी म्हणणार नाही. मात्र आमच्या मशिदीतल्या वर्गात कॉलेजातल्या एका मुलीने हाच प्रश्न केला, तेव्हा इमामसाहेबांनी जुन्या भाष्यकारांचे मतभेद तिच्यापुढे ठेवले: कुणी ‘असशील तर’ हे निव्वळ गृहीतक मानतात, तर कुणी म्हणतात की संबोधन प्रेषितांना असले तरी रोख ऐकणाऱ्यांकडे आहे. मला दुसरे पटते, कारण त्याच सूरहची १०४वी आयत ‘लोकहो, माझ्या धर्माविषयी तुम्हाला शंका असेल तर’ असे उघडच म्हणते.

यूसुफ सूरहच्या ११०व्या आयतीत प्रेषित निराश झाल्याचा उल्लेख आहे, आणि त्यातल्या एका शब्दाच्या एका वाचनानुसार ‘आपल्याला खोटे सांगितले गेले’ असे त्यांना वाटले. त्याविषयी उर्वाने थेट आपली मावशी, प्रेषित मुहम्मद यांच्या पत्नी हजरत आयेशा यांनाच विचारले. प्रेषित आपल्या पालनकर्त्याविषयी असे कधीच मनात आणणार नाहीत, मदत लांबल्यावर अनुयायांनीही आपल्याला खोटे ठरवले असे त्यांना वाटले, असा उलगडा आयेशांनी केला. प्रेषितांचे चुलतभाऊ इब्ने अब्बास यांचे वाचन मात्र वेगळे होते. हा मतभेद बुखारींच्या हदीस-संग्रहात (प्रेषितांविषयीच्या परंपरांच्या संग्रहात) नोंदलेला आहे आणि त्यामुळे कुणाच्या श्रद्धेला तडा गेला नाही. कुराणाचे भाष्यकार फखरुद्दीन राझी (मृत्यू १२१०) यांनी तर ‘इस्मतुल अंबिया’ या ग्रंथात आक्षेप स्वतःच मांडून त्यांना उत्तरे दिली.

चाचांची भीती मला कळते. ज्यांनी टोमणा मारला, त्यांच्याशीच त्यांना उद्या केळीचा व्यवहार करायचा आहे. मी इथे बसून धीट बोलतो, त्यात माझे काही जात नाही. पण टोमणा मारणाऱ्याला आणि खरोखर अडलेल्या पोराला एकच दम मिळाला, तर ते पोर उत्तर शोधायला यूट्यूबवर जाणार. सावदा-फैजपूरकडच्या जाणत्या मौलानांनी उर्वाचा हा प्रसंग जुम्याच्या (शुक्रवारच्या) बयानात मराठीतून सांगायला काय हरकत आहे?