एक्झिट बटणाची वायर काढताना

ॲक्सेस कंट्रोल, म्हणजे ओळख पटवून दार उघडणारी यंत्रणा, घ्यायचं ठरलं की सगळी चर्चा दाराच्या बाहेरच्या बाजूची होते. कार्ड घ्यायचं, बोट की चेहरा, किती माणसांची नोंद राहील, मोबाइलवर ॲप आहे का. आतून बाहेर पडायचं बटण कोटेशनच्या शेवटच्या ओळीत असतं आणि त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. मग काम अर्ध्यावर आलं की लक्षात येतं: काचेच्या दाराशेजारी वायर न्यायला जागाच नाही, भिंतींना नुकताच रंग झालाय, किंवा गेटपासून केबिनपर्यंत फरशी फोडावी लागणार. तेव्हा कुणीतरी म्हणतं, "वायरलेस बटण लावून टाकू, दहा मिनिटांचं काम."

काम खरंच दहा मिनिटांचं आहे, म्हणून तर कुणी थांबून विचार करत नाही.

या वस्तूला माझा विरोध नाही. मी ती बसवतो, पुढेही बसवीन. पण ती वायर इतके दिवस दोन कामं गुपचूप करत होती. बटणाला आतल्या भिंतीशी बांधून ठेवत होती, आणि दाबलं की दार उघडेल याची बऱ्यापैकी हमी देत होती. वायर काढली की ही दोन्ही कामं दुसऱ्या कशाकडे तरी सोपवावी लागतात. बहुतेक ठिकाणी ती कुणाकडेच सोपवलेली नसतात, असा माझा अनुभव.

आधी ते चालतं कसं, थोडक्यात. साधं एक्झिट बटण म्हणजे दोन तारा जोडणारा स्विच. दाबलं की कंट्रोलरला, म्हणजे लॉक सांभाळणाऱ्या मुख्य यंत्राला, कळतं की आतला माणूस बाहेर निघालाय, आणि तो ठरवून दिलेल्या सेकंदांपुरतं लॉक सोडतो. मॅग्नेटिक लॉक (विजेच्या चुंबकाने दार धरून ठेवणारं) असेल तर त्याचा सप्लाय तुटतो आणि सुमारे २८० किलोच्या, मोठ्या लॉकमध्ये ५४५ किलोच्या ताकदीने धरलेलं दार त्या क्षणी मोकळं होतं. वायरलेस प्रकारात बटणाच्या आत सेल आणि छोटा ट्रान्समीटर असतो, कंट्रोलरजवळ रिसीव्हर असतो, आणि रिसीव्हरमधला रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच, त्या जुन्या स्विचचं काम करतो. साध्या सेटमध्ये बऱ्याचदा ४३३ मेगाहर्ट्झची फ्रिक्वेन्सी असते. देशाप्रमाणे ३१५ किंवा ८६८ही वापरतात.

आता त्या बटणावरच्या छोट्या दिव्याबद्दल. बटण दाबलं की तो लुकलुकतो आणि दाबणाऱ्याला वाटतं, पोचला निरोप. तसं काही नसतं. साध्या सेटमध्ये बोलणं एकतर्फी असतं. दिवा लागला म्हणजे बटणाने हाक मारली एवढंच. रिसीव्हरने ऐकली का, रिले पडला का, लॉक सुटलं का, यातलं बटणाला काहीच माहीत नसतं. एका ऑफिसात मी हे नीट पाहिलंय. रिसीव्हर छताच्या वर पत्र्याच्या डब्यात, अँटेनाची तार त्याच डब्यात गुंडाळून कोंबलेली. माणसं बटण दाबत होती, दिवा लागत होता, दार ढिम्म. मग प्रत्येक जण आधीच्यापेक्षा जोरात दाबायचा. बटणाभोवतीची भिंत बोटांच्या ठशांनी काळी झाली होती. जोरात दाबल्याने रेडिओचा आवाज वाढत नाही हे त्यांना कोण सांगणार? ४३३ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची अँटेना साधारण १७ सेंटीमीटरची होते. ती सरळ करून डब्याबाहेर काढली आणि दार उघडायला लागलं. खोक्यावर लिहिलेले शंभर मीटर हे मोकळ्या मैदानातले असतात. मध्ये सळयांचा काँक्रीट, लोखंडी गेट किंवा पत्रा आला की तो आकडा विसरायचा.

रेंजचा प्रश्न निदान पहिल्याच दिवशी दिसतो. सप्लायचा दिसत नाही, आणि मला जास्त धास्ती त्याची वाटते. मॅग्नेटिक लॉक 'फेल-सेफ' म्हणून विकतात: वीज गेली की दार आपोआप मोकळं. अगदी बरोबर. पण वीज गेल्यावर दार सताड उघडं राहू नये म्हणून त्याच लॉकला बॅटरी बॅकअप देतात, आणि मागाहून आलेल्या रिसीव्हरला मात्र वेगळा ॲडॉप्टर, जवळच्या साध्या प्लगमध्ये. लाइट गेली की काय होतं बघा. लॉक बॅटरीवर तासन् तास चिकटून बसतं, कंट्रोलर जिवंत, बाहेरचा कार्ड रीडर जिवंत. रिसीव्हर तेवढा मेलेला. बाहेरचा माणूस आत येऊ शकतो, आतला बाहेर जाऊ शकत नाही. आणि अशा वेळी अंधारात तो बटण दाबतो तेव्हा बटणावरचा दिवा झोकात लागतो, कारण त्याला स्वतःचा सेल आहे.

ज्यांनी आगीच्या नजरेने नियम लिहिले त्यांनी हे ओळखलंय. अमेरिकेच्या एनएफपीए १०१ या नियमावलीत, माणूस जवळ आला की सेन्सरने सुटणाऱ्या विद्युत लॉकच्या दारांसाठी हाताने दाबायचं बटणही लागतं. ते दारापासून ६० इंचांच्या आत, जमिनीपासून ४० ते ४८ इंचांवर, आणि दाबल्यावर लॉक किमान ३० सेकंद सुटलेलं राहिलं पाहिजे. त्यातली खरी कळीची अट अशी की त्या बटणाने लॉकचा सप्लाय थेट तोडला पाहिजे, ॲक्सेस कंट्रोलच्या इलेक्ट्रॉनिक्सवर अवलंबून न राहता. म्हणजे कंट्रोलर हँग झाला, सॉफ्टवेअर झोपलं, तरी दार सुटलंच पाहिजे. आता सेल, ट्रान्समीटर, हवा, रिसीव्हर, रिले अशी साखळी घेऊन ही अट पाळून दाखवा. कायदा तुमच्याकडे कुठलाही असो, तर्क बदलत नाही. आगीचा दरवाजा, जिन्याचा दरवाजा, जिथून माणसांना घाईत बाहेर पडायचंय असा कुठलाही दरवाजा असेल तर तिथे वायरवालं बटण, किंवा लॉकच्या सप्लायच्या वायरीतच बसवलेलं हिरवं ब्रेक ग्लास (काच दाबून सप्लाय तोडायची आपत्कालीन डबी) हवंच. त्याच्या जोडीला वायरलेस खुशाल लावा. त्याच्या जागी नको.

हे झालं बाहेर पडण्याचं. आत घुसण्याचं तर बोललंच जात नाही.

वायरवालं बटण भिंतीवरून उचकटलं तर तुमच्या हातात प्लास्टिकचा तुकडा आणि दोन तारा येतात. वायरलेस बटण उचकटलं तर हातात किल्ली येते. हे मी मुद्दाम असं म्हणतोय, कारण बरीचशी वायरलेस बटणं दुहेरी टेपने चिकटवलेली असतात आणि नखाने निघतात. खिशात टाका, बाहेर जा, रात्री दारासमोर उभं राहून दाबा. दार आज्ञाधारकपणे उघडेल. रेकॉर्डमध्ये नाव येणार नाही, बोट येणार नाही. 'आतून एक्झिट बटण दाबलं' एवढीच नोंद. चोराला यापेक्षा जास्त काय हवं? लाखाचा चेहरा ओळखणारा रीडर बाहेर आणि त्याला वळसा घालणारी निनावी किल्ली आत टेपने चिकटवलेली, हे चित्र मला दर वेळी बेचैन करतं. उपाय अवघड नाही: स्क्रूने फिटिंग, काढलं तर लगेच दिसेल अशा जागी, आणि गायब झालं की रिसीव्हरमधून ताबडतोब डिलीट. इथे आणखी एक गोम आहे. बऱ्याच साध्या रिसीव्हरमध्ये एकच बटण डिलीट करता येत नाही. रिसीव्हरवरचं, नवी बटणं शिकवायचं लर्न बटण दाबून धरलं की सगळ्याच बटणांचे कोड उडतात आणि पुन्हा एकेक शिकवावे लागतात. हा कंटाळा टाळण्यासाठी लोक हरवलेलं बटण तसंच चालू ठेवतात.

चोरायचीही गरज नसते कधी कधी. साध्या बटणातून दर वेळी तोच तो कोड बाहेर पडतो. ईव्ही१५२७ नावाची चिप सगळीकडे दिसते. तिचा ओळख-कोड २० बिटांचा, म्हणजे दहा लाखांहून जास्त शक्यता. ऐकायला भक्कम वाटतं. पण कोड ओळखत बसायची गरजच काय? एकदा रेकॉर्ड केला आणि परत वाजवला की झालं, आणि रेडिओलहर भिंतीपाशी थांबत नाही. २०१५ मध्ये सॅमी कामकार या संशोधकाने मुलांच्या टेक्स्टिंगच्या खेळण्यात फेरफार करून ८ ते १२ बिटांच्या स्थिर कोडवर चालणारे गॅरेजचे दरवाजे, सगळे कोड भराभर पाठवून, दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवले. त्याच वर्षी त्याने रोलिंग, म्हणजे दर वेळी बदलणाऱ्या, कोडलाही चकवणारं उपकरण दाखवलं. तरीही रोलिंग कोड स्थिर कोडपेक्षा कितीतरी बरा. निदान काल रेकॉर्ड केलेला आणि वापरून झालेला सिग्नल आज चालत नाही. घेताना एवढा एक प्रश्न विचारा: कोड फिक्स आहे की रोलिंग? विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर तो फिक्स आहे असं धरून चाला.

मग वायरलेस कुठे शोभतं? गेटवर, माझ्या मते. गेटच्या जाळीतून हात किंवा काठी घालून आतलं बटण दाबण्याचा प्रकार सगळ्या सुरक्षारक्षकांना माहीत असतो. वायरलेस बटण गेटपासून लांब, हात पोचणार नाही अशा ठिकाणी सहज नेता येतं. मोटरच्या गेटसाठी यूएल ३२५ हे मानकही बटण हलत्या भागापासून किमान ६ फूट लांब ठेवायला सांगतं, कारण दाबणाराच गेटमध्ये चेंगरू शकतो. फक्त लांब म्हणजे नजरेआड नव्हे. घरात बसून, गेट न बघता बटण दाबणाऱ्यांनी आधी फोटो-सेन्सर (मध्ये कुणी आलं तर ओळखणारे) चालू आहेत का ते तपासावं. रिसेप्शनच्या टेबलाखाली, रोज माणूस बसतो अशा जागीही हे बटण छान चालतं. बंद पडलं तर पाच मिनिटांत बोंब होते, आणि टेबलामागचा माणूस उठून दार उघडू शकतो.

बसवताना वारंवार दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी. रिसीव्हरचा जंपर (मोड निवडायची छोटी पिन) टॉगलवर राहिलेला असतो, त्यामुळे एकदा दाबलं की दार उघडं ते उघडंच, पुन्हा कुणी दाबेपर्यंत. तो मोमेंटरीवर, म्हणजे दाबल्यावर क्षणभरच रिले पडेल असा, हवा. लॉकच्या कॉइलवर डायोड नसेल तर लॉक सुटताना येणारा विजेचा झटका जिरत नाही, तो शेजारच्या रिसीव्हरला हँग करतो, आणि मग 'वायरलेसचा माल खराब' असं खापर फुटतं. रिसीव्हर दाराच्या बाहेरच्या बाजूला कधीच लावू नका. झाकण काढून रिलेच्या दोन तारा जोडल्या की काम तमाम. आणि रिलेची जोडणी कंट्रोलरच्या एक्झिट इनपुटला करा. शॉर्टकट म्हणून नुसती लॉकच्या लाइनमध्ये केली, तर डोअर सेन्सर असलेली सिस्टीम प्रत्येक वेळी 'दार जबरदस्तीने उघडलं' म्हणून ओरडते, आणि चार दिवसांत कुणीतरी तो अलार्मच बंद करून टाकतं.

सेलचं काय? नाण्याच्या आकाराचा सेल अशा वापराला बरीच वर्षं पुरू शकतो, पण बटण अडकून दाबलेलं राहिलं तर लवकर संपतो. दाबण्याच्या ताकदीतूनच वीज तयार करणारी, बिनसेलची बटणंही मिळतात. ती मला आवडतात. सेलची कटकट एकदम संपते. बाकीच्या अडचणी मात्र तशाच राहतात.

तुमच्याकडे असं बटण आधीच बसलेलं असेल तर एक चाचणी करा. लॉक चालू ठेवून फक्त रिसीव्हरचा सप्लाय काढा आणि आतून बाहेर पडून दाखवा. मात्र तेव्हा लॉकचा सप्लाय कुठून बंद होतो हे माहीत असलेला एक माणूस पॅनलपाशी उभा ठेवा, आणि त्याच्याकडे त्या पॅनलची चावी आहे ना हे आधी विचारा.