डबक्याची चतुःसीमा

परवा संध्याकाळी सोसायटीच्या वॉचमनने दारात येऊन एक पावती हातात ठेवली. रुपये ५०० फक्त. 'तपशील' या रकान्यात सेक्रेटरींच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'लिफ्टमध्ये लघुशंका'. वर माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. कुत्र्याचा उल्लेख कुठेही नाही. उद्या मुलीचं लग्न ठरवताना ही पावती कुणा व्याह्यांच्या हाती लागली, तर मी काय खुलासा करायचा?

कुत्रा आमचा आहे. नाव फुटाणा, वय अडीच महिने, घराणं रस्त्यावरचं. 'त्याचं सगळं मी करेन' असं वचन देऊन लेकीने त्याला आणला आणि तो घरात आल्यावर तिला आठवलं, की आपण बारावीत आहोत. तेव्हापासून सगळं मी करतो.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी सांगितल्या. शी-शू बाहेर करायची सवय आत्तापासूनच लावा. आणि लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचा होईपर्यंत, बाहेर जमिनीवर सोडू नका, पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. दोन्ही वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. दारातून मान वळवून मी विचारलं, "मग करायची कुठे?" तर म्हणाले, "दुसरी कुत्री येत नाहीत अशी स्वच्छ मोकळी जागा बघा." कोथरूडात स्वच्छ मोकळी जागा! ती असती तर एव्हाना तिथे टॉवर उभा राहिला असता आणि खाली मिसळीचं दुकान.

शेवटी आमच्याच इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, सतरंजीएवढं गवत सापडलं. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा, तेवढे तास ते धरून ठेवू शकतं, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. म्हणजे साडेतीन तास. हा हिशेब फुटाण्याला कुणी सांगितलेला नाही. शिवाय झोपून उठला की न्यायचं, खाल्लं की न्यायचं, खेळून झालं की न्यायचं. तो दिवसभर या तीनच गोष्टी करतो, त्यामुळे मी दिवसभर गवतावर असतो. त्यात हा पाऊस. पुण्याचा पाऊस धड पडत नाही आणि जातही नाही, नुसता भुरभुरत राहतो. फुटाणा माझ्या छत्रीखाली, माझ्याच पावलावर बसून समोरच्या गवताकडे बघतो. गवत ओलं आहे. ओल्या गवतावर बसायला तो काय वेडा आहे? मग वर येऊन, अंग झाडून, आईच्या जपाच्या आसनाशेजारी सावकाश मोकळा होतो.

दातांबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. माणसाच्या बाळाला दुधाचे दात २०, कुत्र्याच्या पिल्लाला २८, आणि ते सगळे सध्या माझ्या पोटरीच्या ओळखीचे आहेत. कोल्हापुरी चपलांपैकी फक्त डावी खाल्ली आहे. उजवी त्याला का आवडत नाही, कळत नाही. परवा त्याने ताटातली पोळी पळवली. मी उजवी चप्पल घेऊन मागे धावलो, तर आई आतून म्हणाली, "नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले होते रे." मी काही बोललो नाही. नामदेवांच्या पोळीखालचा टेबलक्लॉथ ओढला गेला नव्हता, लॅपटॉपही पडला नव्हता.

पण पावती का आली, ते सांगायला हवं. त्यासाठी अण्णा सांगायला हवेत.

अण्णा तिसऱ्या मजल्यावर राहतात. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला, पण टेप अजून खिशात असतो. सोसायटीत कुणाची गाडी पार्किंगच्या पट्ट्याबाहेर चार बोटं आली, की टेप निघतो. ते कुणाला नावाने हाक मारत नाहीत. माणसं त्यांच्या लेखी गट नंबर आहेत. मी ४०२.

त्या सकाळी फुटाण्याला कडेवर घेऊन मी पावसातून परत आलो. काम झालेलं नव्हतंच. लिफ्टचं दार उघडलं, तर आत अण्णा, आणि अण्णांच्या पायाशी एक डबकं.

"थांबा, चारशे दोन," अण्णा म्हणाले. "पाय ठेवू नका. पुरावा आहे."

"अण्णा, आम्ही आत्ता बाहेरून येतोय."

"जाताना कशाने गेलात?"

"लिफ्टने."

"झालं तर."

अण्णांनी एक पाय दारात रोवला, म्हणजे लिफ्ट जायला नको. लिफ्टमधली बाई हिंदीत दरवाजा बंद करण्याची विनंती करू लागली. ती पुढे शेवटपर्यंत करत राहिली.

"दोन पंच लागतील," अण्णा म्हणाले.

एक पंच म्हणजे वॉचमन. तो तोंडात ब्रश तसाच ठेवून आला. दुसऱ्या पोळ्यांच्या मावशी. त्या लिफ्टसाठीच थांबल्या होत्या, मिटलेली छत्री हातात धरून. लिहायला कुणी नव्हतं, म्हणून लेखनिकाचं काम माझ्याकडे आलं. आरोपीच लेखनिक कसा चालेल, असं मी विचारलं. "अक्षर बघून घेऊ," अण्णा म्हणाले. मोबाइलवर टाइप करतोय म्हटल्यावर त्यांचा तोही आक्षेप मिटला.

"लिहा. चतुःसीमा. पूर्वेस, लिफ्टचे दार. पश्चिमेस, आरसा. उत्तरेस, बटणांची पट्टी. दक्षिणेस..." त्यांनी खाली पाहिलं. "दक्षिणेस अर्जदाराचा उजवा पाय."

"अर्जदार कोण?"

"मी."

मग गुडघ्यावर हात टेकून, 'आई गं' म्हणत ते खाली बसले आणि टेप निघाला. लांबी सव्वा फूट, रुंदी अकरा इंच. आकार अनियमित. अनियमित आकाराचं क्षेत्र त्रिकोण पाडून काढतात, हे त्यांनी पंचांना समजावून सांगितलं. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, असे ४० गुंठे म्हणजे एकर, त्या मानाने प्रस्तुत डबकं काहीच नाही, हेही त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं. "पण प्रश्न क्षेत्राचा नसतो हो. मुळशीत एक जण होता. दर साली नांगरताना बांध वीतभर कोरायचा. वीतभर! शेजाऱ्याला पत्ता नाही. मी मोजणीला गेलो तेव्हा बांध कुठे होता माहितेय? शेजाऱ्याच्या गोठ्यात. म्हैस कुणाची, इथपर्यंत वाद गेला."

"मग कुणाची निघाली?" वॉचमनने ब्रश बाजूला सारून विचारलं.

"ती वेगळी मोजणी," अण्णा म्हणाले.

वरून कुणीतरी जिन्यातून ओरडलं, "लिफ्ट सोडा!" अण्णा तितक्याच जोरात ओरडले, "पंचनामा चालू आहे!" वर शांतता पसरली. पंचनामा म्हटल्यावर आपल्याकडे माणूस जिन्याने जातो.

आता मी डबक्याकडे नीट पाहत होतो. मावशींच्या छत्रीच्या टोकाशी एक थेंब जमत होता. फुगायचा, थरथरायचा, आणि बरोब्बर डबक्यात पडायचा. मग दुसरा. तिसरा अण्णांच्या टेपवर, सात इंचांच्या खुणेवर पडला. अण्णांनी तो अंगठ्याने पुसला आणि आकडा पुन्हा वाचला.

मावशींच्याही ते लक्षात आलं. "अहो अण्णा, हे माझ्या छत्रीचं पाणी आहे. मगाशी मीच वर जाऊन आले. पाचशे एकमधे कुलूप होतं, म्हणून परत खाली आले."

"पंचांनी मधे बोलायचं नसतं," अण्णा म्हणाले. "पंचांनी फक्त पाहायचं असतं."

"मग लवकर पाहू द्या की. अजून चार घरच्या पोळ्या व्हायच्यात."

अण्णा विचारात पडले. "छत्रीचं असेलही. नसेलही. तुलनेला नमुना असता, तर इथल्या इथे निकाल लागला असता."

माझा हात अवघडला होता, म्हणून मी फुटाण्याला खाली ठेवलं. त्याने डबकं हुंगलं. टेप हुंगला. स्वतःभोवती एक गिरकी घेतली. आणि जे त्याने ओल्या गवतावर केलं नव्हतं, ते अण्णांच्या उजव्या पायापाशी, कान मागे टाकून, अण्णांच्या डोळ्यांत डोळे घालून, निवांतपणे केलं.

अण्णांचा चेहरा उजळला. "वा रे पठ्ठ्या!" म्हणत त्यांनी शर्टाच्या खिशातून ग्लुकोजचं अख्खं बिस्कीट काढलं आणि फुटाण्याच्या तोंडात दिलं.

हे जरा समजावून सांगायला हवं. कुत्रा शिकवणारे सगळे एकच गोष्ट बजावतात: योग्य जागी काम झालं की लगेच, एक-दोन सेकंदांत, बक्षीस द्यायचं. ते बक्षीस एरवी घरात मिळणारं नको. वर आनंदी आवाजात शाबासकी. त्यासाठी मी उकडलेल्या चिकनचे तुकडे डबीत घेऊन हिंडतो (आईला 'औषध' असं सांगितलंय). डबी रेनकोटच्या आतल्या खिशात. छत्री खांद्याने सावरून, चेन उघडून, डबी काढून, झाकण उघडेपर्यंत फुटाणा आपण काय केलं ते विसरलेला असतो, आणि बहुतेकदा त्याने काही केलेलंच नसतं. इकडे अण्णांनी वेळ अचूक साधली. आवाज आनंदी. बिस्कीट घरात न मिळणारं. एका फटक्यात माझ्या कुत्र्याचं शिक्षण पूर्ण झालं. जागा तेवढी चुकली.

अण्णांनी दोन्ही डबकी वाकून पाहिली. "दुसरं पिवळसर. पहिलं नितळ. म्हणजे पहिलं पाणीच."

"सुटलो," मी म्हटलं.

"पहिल्यातून. दुसरं माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्याला दोन पंच आहेत."

मावशींनी मान हलवली. साहजिक आहे, त्यांना चार घरं गाठायची होती. फिनेल आणून लिफ्ट मी पुसली, दोन्ही डबकी, छत्रीचंसुद्धा.

पावती आल्यावर मी कमिटीकडे गेलो. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून नेल्या होत्या. त्यांत स्पष्ट म्हटलंय, की सोसायटीला पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही आणि पाळणाऱ्यांवर वेगळा आकार किंवा दंडही लावता येत नाही. अण्णा कमिटीवर आहेतच. त्यांनी चष्मा लावून कागद पूर्ण वाचला, दोन ठिकाणी छपाईच्या चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "मार्गदर्शक आहेत. मार्ग दाखवलाय त्यांनी. जायलाच हवं असं कुठे म्हटलंय?" सेक्रेटरी म्हणाले, पावती फाडलीय, आता रद्द केली तर हिशेबाचा घोळ होईल. चहा मात्र दिला.

पाचशे रुपयांचं एवढं काय, असं बायको म्हणते. पाचशेचं काही नाही. त्याच लिफ्टमध्ये, बटणांच्या पट्टीखाली, गुटख्याची एक पिचकारी आहे. आम्ही राहायला आलो तेव्हापासून आहे, आता तिचा रंग लाकडी दिसतो. तिची चतुःसीमा कुणी काढली नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, त्यामुळे बहुधा ती पिचकारी कायद्याने अस्तित्वातच नाही. रोज सकाळी पाइप लावून दोन गाड्या धुतल्या जातात, ते पाणी गेटपर्यंत वाहतं. त्याला टेप पुरणार नाही हे मला मान्य आहे, पण निदान काढून तरी बघावा? बाहेर फुटपाथवर दुचाक्या, दुचाक्यांच्या पुढे वडापावची गाडी, आणि गाडीपुढून माणसं रस्त्याने चालताहेत. लसी झाल्यावर याला फिरवायचं कुठे? वेताळ टेकडीवर न्या म्हणतात. वेताळ टेकडीवर जायला आधी टेकडीपर्यंत जावं लागतं. शिवाय गणपतीला अवकाश असला तरी ढोलाचा सराव सुरू झालाय. संध्याकाळी पहिला ठोका पडला की फुटाणा सोफ्याखाली जातो, रात्री नऊला बाहेर येतो, आणि मग त्याचे साडेतीन तास तो सतरंजीवर फेडतो. ढोलाबद्दल सोसायटीत बोलायची सोय नाही, सेक्रेटरींचा मुलगा ताशा वाजवतो.

एवढ्या अडीच महिन्यांच्या जिवाचं मात्र सगळ्यांना दिसतं. मापात बसणारा गुन्हेगार सापडला, की आपला टेप बरोबर निघतो.

असो. आता पुढचं ऐका. पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, पण जगात नाव राहिलं ते कुत्र्यांच्या लाळेमुळे. अन्न समोर आलं की लाळ सुटते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या लक्षात आलं, की अन्न आणणाऱ्या माणसाची नुसती चाहूल लागली तरी ती सुटते. अण्णा घरात रबरी चपला घालतात, टाचेवर आपटणाऱ्या. तिसऱ्या मजल्यावर त्या वाजल्या, की चौथ्या मजल्यावर गाढ झोपलेला फुटाणा उठतो, दाराशी जातो आणि केविलवाणा ओरडायला लागतो. त्याला लिफ्टमध्ये जायचं असतं. अण्णा आत असले, की तो तत्काळ मोकळा होतो आणि त्यांच्या खिशाकडे बघतो. अण्णा नसले, तर लिफ्ट कोरडी राहते. गवताचा संबंधच संपला.

मी अण्णांना विनवलं, सकाळी सहाला पाच मिनिटं मागच्या गवतावर येऊन उभे राहा, बिस्किटं माझी. "मी काय कुत्र्याच्या दिमतीला आहे?" म्हणाले. बरं, ते आता जिन्याने जायला लागलेत आणि गुडघ्याच्या तेलाचा खर्च वाढल्याचं मला दोनदा ऐकवून झालंय. शेवटी काल मी त्यांच्याकडे नुसत्या जुन्या चपला मागितल्या. मीच घालून गवतावर चालेन, फटक-फटक वाजल्याशी कारण.

अण्णांनी दाराआडून आपल्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. "तुमचं माप किती?"

"आठ."

"माझं सात," ते म्हणाले. "लेखी अर्ज द्या. रविवारी कमिटीपुढे ठेवतो."