आधी कानस, मग चौकशी

चवथ तोंडावर आली की माटोळीच्या, म्हणजे गणपतीवरच्या फळा-पानांच्या छताच्या, दोऱ्या शोधायला तुम्ही पोटमाळ्यावर चढता आणि दोऱ्यांऐवजी एखादा पितळी डबा हाती लागतो. डब्यात किडलेली सुपारी, गंजलेल्या सुया आणि एक जाड, काळपट नाणं. एका बाजूला कोणी परका राजा, दुसऱ्या बाजूला मुकुट आणि ढाल, रोमन अक्षरांत 'उमा रुपिया', म्हणजे पोर्तुगीजांचा एक रुपया. घरात एकच प्रश्न उठतो: चांदीचं की मुलाम्याचं?

घाबरू नका. आपल्या गोव्यात कशाची टंचाई असेल ती असो, या विषयातल्या जाणकारांची नाही. त्या सगळ्यांचे सल्ले नुकतेच फुकटात माझ्या पदरात पडले आहेत. ते सांगतो तसं करत जा.

सगळ्यात आधी नाणं घासा. चिंच, रांगोळी, दातांची पेस्ट, जुना ब्रश, जे हाताला लागेल ते. शंभर-सव्वाशे वर्षांत हवेतल्या गंधकाशी चांदीची गाठ पडून तो काळा थर बसलेला असतो आणि संग्राहक नेमके त्या हात न लागलेल्या नाण्याचेच जास्त पैसे मोजतात. म्हणून तो पहिल्यांदा काढायचा. राजाच्या केसांच्या रेषा पुसट होईपर्यंत हात थांबवू नका. शेजारच्या वहिनी म्हणतील, "काळं पडलंय म्हणजे चांदीच." त्यांना सांगू नका की मुलामाही काळा पडतो, कारण मुलाम्यातही वर चांदीच असते.

भिंग मात्र चुकूनही घेऊ नका. राजाची भुवई, गाल, कडेच्या दातऱ्या, जिथे जिथे उंचवटा तिथे मुलामा आधी झिजतो आणि खालचं तांबडं किंवा पिवळट डोकावतं. हे उजेडात धरून दोन मिनिटांत दिसतं. दोन मिनिटांत निकाल लागला तर चर्चा कशावर करायची?

मग फ्रिजवरचं लोहचुंबक. चिकटलं नाही की "चांदी!" म्हणून ओरडा. तांबं, पितळ, शिसं, नावालाच सिल्व्हर असलेलं जर्मन सिल्व्हर यांनाही ते चिकटत नाही, पण ते राहू द्या. उलट १९४७ चा ब्रिटिश रुपया हाती आला आणि चुंबकाला टपकन चिकटला तर खोटा म्हणून फेकून द्या. तो अस्सल असतो, फक्त निकेलचा असतो. इंग्रजांनी १९४० पासूनच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती आणि १९४७ ला तीही काढून घेतली. गंमत म्हणजे त्याच सालच्या आपल्याकडच्या पोर्तुगीज रुपियात अजून निम्मी चांदी होती. १९५२ चा रुपिया मात्र तांबं-निकेलचा. तो अजून लखलखतो, म्हणून कित्येक देव्हाऱ्यांत चांदीचा म्हणून पुजला जातो. सालं वाचत बसू नका. वाचणं हे चुंबकाइतकं शास्त्रीय वाटत नाही.

बर्फाचा प्रयोग डिचोलीच्या आतेभावाने व्हिडिओ बघून करून दाखवला. नाण्यावर बर्फाचा खडा ठेवायचा, भराभर वितळला तर चांदी. खरं आहे, धातूंमध्ये उष्णता सगळ्यात वेगाने चांदीतून वाहते. तांब्यातून जेमतेम सात टक्के कमी. म्हणजे आत तांबं आणि वर मुलामा असला तरी बर्फ तितक्याच आनंदाने वितळेल. हे मी सांगितलं तर आतेभाऊ म्हणाला, "तू नेहमी निगेटिव्हच बोलतोस."

दाताने चावून बघा. शक्यतो कुंकू न पुसता.

फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. कोणी सांगेल दहा लाख, कोणी सांगेल वीस. एक जण विचारेल, तांदूळ ओढतं का? तसं विचारणाऱ्याच्या मागोमाग कोणीतरी 'राइस पुलर'वाला, म्हणजे तांदूळ ओढणाऱ्या नाण्याच्या नावाने गंडवणारा, तुमच्या दारात येईल. त्याला चहा द्या आणि घराचा कागद दाखवा. दुसरा एक जण आपल्याकडचं १८१८ सालचं, राम-सीता-हनुमानाचं 'ईस्ट इंडिया कंपनी'चं नाणं दाखवील. कंपनीने राम-सीता-हनुमानाची असली नाणी कधी पाडली नाहीत. ती जत्रेतल्या चादरीवर ढिगाने मिळतात, त्यांतली काही पांढरा मुलामा देऊन. पण त्याच्या भावना दुखवू नका.

आणि आता सर्वांत खात्रीचा उपाय. सराफाकडे जा.

मी गेलो होतो. म्हापशात. दुकानाचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोग नाही, त्याच गल्लीत दुसरीकडे गेलो असतो तरी असंच झालं असतं. १८८१ चा, पोर्तुगालच्या लुईस राजाचा रुपिया, आजीच्या डब्यातला. म्हटलं, "शेट, चांदीचं आहे का एवढंच बघायचं होतं. विकायचं नाही." शेट फोनवर होते. मोबाइल खांद्यात धरून त्यांनी नाणं कसोटीच्या दगडावर ओढलं. पांढरी रेघ उठली. मी "थांबा" म्हणेपर्यंत ड्रॉवरमधून कानस बाहेर. कडेच्या दातऱ्यांवर खर्र, खर्र, खर्र. मग बाटलीत बुडवलेली काचेची कांडी आणि त्या ताज्या खाचेवर तेजाबाचा थेंब. दुधी-करडा फेस आला, कडेला जराशी हिरवट झाक. शेटनी नाणं माझ्याकडे सरकवलं. "हें रुपें न्हय. मुलामो."

खाच आतपर्यंत पांढरी होती. मला दिसत होती, त्यांना दिसत होती, गल्ल्यावर बसलेल्या पोराला दिसत होती. मुलामा असता तर तिसऱ्या फटक्याला तांबडं निघालं असतं. मी तसं म्हटलं तर शेट म्हणाले, "आमी हांगा तीस वर्सां बसतात." मग आवाज मऊ करून, "मोडीत घालता? बदल्यात नव्या लक्ष्मीच्या शिक्क्यावर घडणावळ कमी लावतों."

"मुलाम्याचं आहे तर मोडीत कशाला घेता?"

"तुमी आमचें गिराइक म्हणून."

किलोचा भाव लाखाच्या पार गेल्यापासून गिऱ्हाइकावरचं प्रेम इतकं उतू जातंय!

ती हिरवट झाक कसली होती ते सांगतो. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर आपल्या रुपियाचं वजन आणि कस इंग्रजी रुपयाला जुळवून घेतला. पाडलाही ब्रिटिश हिंदुस्थानच्या टांकसाळीत. बारा भागांत अकरा भाग चांदी, एक भाग तांबं. त्या एका भागावर तेजाब पडलं की हिरवट दिसणारच. खाली नुसतं तांबं असतं तर गडद हिरवा फेस उसळला असता. तीस वर्षं तेजाब हाताळणाऱ्याला हा फरक कळत नाही? कळतो. कळतो म्हणूनच मोडीत घ्यायची तयारी होती.

आणि वजन? अहो शेट, तुम्ही दिवसभर तोळा तोळा करता, तो तोळा आला कुठून? १८३३ मध्ये कंपनी सरकारने रुपया आणि तोळा एकाच वजनाचे ठरवले, १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हे नाणं म्हणजे तुमच्या धंद्याचं मूळ माप. ते तुमच्या हातात होतं, आणि एका फुटावर ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा होता. त्या काट्यावर चहाचा ग्लास ठेवला होता तुम्ही.

घरी आल्यावर मी जे केलं ते तुम्ही मुळीच करू नका, कारण त्यात नाणं खराब होत नाही. काही शे रुपयांना मिळणाऱ्या खिशातल्या काट्यावर नाणं तोललं. ११.५२ ग्रॅम, झिजेमुळे थोडं कमी. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य केला आणि बारीक दोऱ्याने नाणं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरलं. आकडा १.१२. पहिल्याला दुसऱ्याने भागा: १०.३ च्या आसपास. या कसाच्या चांदीची घनता तेवढीच. तांबं-निकेलचं असतं तर ८.९ आलं असतं, जर्मन सिल्व्हर किंवा पितळ असतं तर आणखी खाली. इंग्रजांचे १९४० नंतरचे निम्म्या चांदीचे रुपये साडेनऊच्या आगेमागे येतात. वर कितीही जाड मुलामा द्या, पाणी आतलं मोजतं. शिसं मिसळून वजन साधलेलं असेल तर टेबलावर हलकेच टिचकी मारून आवाज ऐका. शिसं बद्द वाजतं. हॉलमार्किंग केंद्रातलं मशीनही आहे, नाण्याला ओरखडा न काढता कस सांगतं, पण ते वरचा पातळ थरच वाचतं. दाट मुलाम्यावर तेही फसू शकतं. मुलाम्याला पाण्याची वाटी फसत नाही.

आता उपरोध पुरे झाला.

घासू नका. घासलेलं नाणं परत काळं करता येत नाही आणि केलं तरी संग्राहकाला कळतं. आजोबांनी जपलं, आजीने जपलं, आणि आपण एका रविवारी पेस्ट फासून मोकळे होतो, वर फोटो टाकून विचारतो, किंमत काय येईल! वर्ष न वाचता, वजन न करता, भिंग न लावता थेट किंमत. लाज वाटायला पाहिजे.

आणि शेट, तुमचं वेगळं. तुम्हाला कळत होतं. विकायचं नाही असं मी दुकानात पाय ठेवताना सांगितलं होतं. दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता कानस लावणं ही परीक्षा नव्हे, नासधूस आहे, आणि वर तिला मुलामा म्हणून मोडीत मागणं याला काय म्हणतात ते तुमच्या गल्ल्यावरच्या पोराला विचारा, त्याने त्या वेळी मान खाली घातली होती. पुढच्या गिऱ्हाइकाला आधी विचारा, कानस मारू का म्हणून. तो नाही म्हणाला तर नाणं परत द्या. एवढंही जमत नसेल तर दारावर पाटी लावा, 'येथे जुनी नाणी तासून मिळतील.'