सहा तुकड्यांची खुर्ची

इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलाभोवती मांडलेली, वाकवलेल्या लाकडाची काळपट खुर्ची आपण इतक्या वेळा पाहिलेली असते की तिच्याकडे निरखून बघायचे राहूनच जाते. आमच्या घरातली तशीच एक जुनी खुर्ची डुगडुगू लागली म्हणून मी मध्यंतरी तिचे स्क्रू काढले, तर जमिनीवर अवघे सहा तुकडे उरले: मागचे दोन्ही पाय आणि पाठ मिळून एकच लांब दांडा, पाठीतली कमान, बैठकीचे कडे, पुढचे दोन पाय आणि चारही पायांना आतून धरून ठेवणारे खालचे कडे.

ही मूळ घडण मिखाएल थोनेट या कारागिराची. व्हिएन्नातल्या त्याच्या कंपनीकडून १८५९ मध्ये 'क्रमांक १४' या नावाने ती बाजारात आली. (माझी खुर्ची खुद्द थोनेटची असल्याचा माझा दावा नाही, १८६९ मध्ये त्याचा पेटंटचा हक्क संपल्यावर नकला करणारे पुष्कळ झाले.) थोनेटने नक्षी टाळली ती त्याला नक्षीचे वावडे होते म्हणून, असे काही जण म्हणतात, मला ते पटत नाही. याच माणसाने व्हिएन्नातल्या लिश्टेनश्टाइन राजवाड्यात काम केले होते आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात उंची, अलंकृत सामान मांडले होते. त्याने खुर्चीतून काढून टाकले ते मुख्यतः सुताराचे सांधे, आणि कोरीव कामाला मग जागाच उरली नाही.

लाकूड दाबले तर दबते, पण ताणले की फाटते. म्हणून बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा दांडा वाफेवर मऊ करून, त्याच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी घट्ट आवळून तो साच्यात वाकवत, म्हणजे बाहेरची बाजू ताणली न जाता आतली दाबली जाई, आणि साच्यातच वाळल्यावर दांडा तो बाक कायमचा धरून ठेवी. पाठीची जी रेषा आपल्याला डौलदार वाटते, ती या युक्तीतूनच आलेली आहे. दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर सगळे उभे राहते, आणि सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. त्यामुळे ती स्वस्त पडली आणि कॅफेवाल्यांना परवडली. आज 'मिनिमल' म्हणून दुकानांत जे चढ्या भावाने विकले जाते, त्याची या खुर्चीशी तुलना झाली की मला जरा हसू येते.

आमच्या खुर्चीच्या बैठकीची वेताची वीण पूर्वी कधीतरी फाटली, तेव्हा वडिलांनी तिथे प्लायवूड ठोकून टाकले होते. अख्ख्या खुर्चीत खिळे मारलेली तेवढीच जागा आहे, आणि कड्याला चीर गेली आहे तीही नेमकी तिथेच.