एक हाती, बारा पासिंग

"कडक कंडिशन, एक हाती, बारा पासिंग, कागद क्लिअर." जुनी मोटरसायकल विकणाऱ्याच्या या मंत्रातला माझा विश्वास फक्त 'बारा'वर. तो पुण्याच्या आरटीओचा आकडा निदान नंबरप्लेटवर दिसतो. बाकीचं आपणच खणून काढायचं.

आपल्याकडे खासगी दुचाकीला पहिली १५ वर्षं कोणी तपासायला बोलावत नाही. मुदत संपली की आरटीओत उभी करायची, पास झाली तर पुढची ५ वर्षं. त्यामुळे तपासणीचा इतिहास मागितला की पुढे येते पीयूसी. धुरातले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन त्या दिवशी मर्यादेत होते, एवढंच ती सांगते. ब्रेक लागतात का, यावर तिचं मौन असतं.

खरा इतिहास सर्व्हिसच्या जॉबकार्डांत. प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर. २०२१च्या कार्डावर ३८,००० आणि आज मीटरवर २६,००० असतील, तर मधली वर्षं गाडी उलटी चालली असणार. मोटरसायकलला रिव्हर्स गिअर नसतो, हे विक्रेत्याला सांगावं लागतं. "मीटर बदललाय हो!" बरं, मग बिल दाखवा. कार्डंच नसतील तर गिअर लिव्हर आणि फूटरेस्टचं रबर पाहावं. मीटर मागे जातो, झिजलेलं रबर परत वाढत नाही. (नवंकोरं रबर दिसलं तर संशय दुप्पट.)

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, मुदत, विमा, पीयूसी सगळं दिसतं. मालकाचं नाव मात्र फुल्याफुल्यांचं, शब्दकोड्यासारखं. 'एक हाती'चा निकाल आरसीवरच्या मालकाच्या अनुक्रमांकात. तिथे ३ निघाला तरी उत्तर तयार असतं : "तिघंही घरातलेच की, काका!"

सातबाऱ्यासारखाच इथेही बोजा असतो. "हप्ते कधीच फिटलेत," हे खरंही असेल, पण बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत गेल्याशिवाय आरसीवरचं बँकेचं नाव हलत नाही. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. ते कोरे, फक्त सही केलेले हातात ठेवून "सावकाश करा ट्रान्सफर" म्हणणाऱ्याच्या गोडव्याला भुलू नये. ट्रान्सफर होईपर्यंत चलनं त्याच्या नावाने आणि गाडी तुमच्या दारात. थकलेली चलनं महाट्रॅफिकच्या साइटवर गाडीचा नंबर आणि फ्रेमवर कोरलेल्या चेसिस नंबरचे शेवटचे ४ आकडे टाकून आधीच पाहावीत.

आता चेसिस. नंबर बहुधा हँडलखाली, फ्रेमच्या मानेवर, ग्रीस आणि मातीच्या थराखाली. रॉकेलचं फडकं फिरवायचं, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची. १७ अक्षरं-आकडे उमटतात. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू कधीच नसतात. 'ओ' वाटला तर तो शून्य. ठसा आरसीशी एकेक अक्षर जुळवायचा, मग इंजिन नंबरही तसाच. अक्षरं वाकडीतिकडी, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला, तर भाव विचारायचाच नाही. हेल्मेट उचलायचं आणि निघायचं.

सगळं जुळलं की इंजिनवर हात ठेवायचा. आधीच गरम असेल तर तुम्ही येण्यापूर्वी कोणीतरी ढकलून सुरू केलीय. थंड असेल तर स्टार्टर दाबायचा. टक्. पुन्हा टक्. विक्रेता ओशाळं हसतो.

"काका, बोजा उतरलाय, ते खरंच आहे. फक्त बॅटरीसुद्धा उतरलीय."