छाती ५२ मिलीमीटर

माझ्या गाडीत दोनच सीटा. एकीवर मी बसतो, दुसरीवर दहा लिटर पाण्याचा कॅन. सौ. बरोबर असली की कॅन खाली पायाशी जातो आणि पाय कुठे ठेवायचे हे तिचं तिने बघायचं असतं.

गाडी लाल, बुटकी, १९९४ ची, १६०० सीसीची जपानी स्पोर्ट्स कार. कुठून आणली, केवढ्याला आणली हे विचारू नका. ती चौकशी घरात अजून चालू आहे. कंपनीचं नावही सांगणार नाही. नांदायला येऊन तीस वर्षं झालेल्या बाईची गाऱ्हाणी कुणी माहेरी नेत नाही.

गाऱ्हाणं एकच. तापते. दसरा चौकात सिग्नल लाल झाला की माझा तापमानाचा काटाही लाल होतो. सिग्नल निदान नंतर हिरवा तरी होतो. पन्हाळ्याच्या रस्त्याला चढ लागला की मी बॉनेट उघडून वळणावर उभा, आणि चौदा माणसं, दोन शेळ्या नि टपावर कांद्याची पोती घेतलेली वडापची जीप बाजूने निघून जाते. मागे लोंबकळणारा हमखास ओरडतो, "नाद खुळा!" 'जाळ अन् धूर संगटच' असं कोल्हापुरात कौतुकाने म्हणतात. माझ्या बाबतीत ते नुसतं वर्णन आहे.

एकदा मी सौ.ला शास्त्र सांगायला गेलो. म्हटलं, उंचीवर पाणी लवकर उकळतं. पन्हाळा ९७७ मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९७ अंशांच्या आतबाहेरच उकळतं.

"आपण वाघबीळला उकळलो," ती म्हणाली. "गड अजून वर आहे."

त्याच रस्त्याला एक मामा झुणका-भाकरी विकतात. माझी गाडी दिसली की ते तवा सोडतात आणि बादली उचलतात. गेल्या वर्षभरात मी त्यांच्याकडे भाकरी खाल्ली असेल तीनदा, पाणी घेतलं असेल तीसदा. तापलेल्या रेडिएटरचं, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीचं, झाकण लगेच उघडायचं नसतं हे मला एका नव्या शर्टाच्या मोबदल्यात कळलं, तेही त्यांच्याच दारात.

शेवटी ठरवलं, रेडिएटर बदलायचा. नुसता बदलायचा नाही, चांगला दांडगा बसवायचा. आधी जुन्यातलं पाणी सोडून बघितलं. निघाला तांबडा रस्सा. कटासकट. फौंड्रीवाला मित्र शेजारी उभा होता, त्याला हायसं वाटलं. तांबडा म्हणजे गंज, तो चालतो म्हणाला; पांढरा रस्सा निघाला असता तर इंजिनातलं ऑइल पाण्यात मिसळलंय, हेड गॅस्केट गेलंय. पांढरा रस्सा वाईट, हे वाक्य मी कोल्हापुरात पहिल्यांदाच ऐकलं.

तांबडा आला कुठून याचं उत्तर माझ्याकडेच होतं. वर्षभर कूलंटऐवजी मामांच्या बोअरचं पाणी ओतत होतो.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांच्या मते जगात रेडिएटर एकच, तांब्या-पितळेचा. फुटला तर कुठल्याही गावात डाख मारून मिळतो. "तुझं ते ॲल्युमिनियम फुटलं तर आर्गॉन वेल्डिंगवाला शोधत हिंडशील. आणि आधी तो थर्मोस्टॅट काढून फेक. आम्ही सगळ्या गाड्यांचे काढले." मी म्हटलं, काका, थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप, ती ८८ अंशांना उघडायलाच बसवलेली असते, इंजिन फार गार राहिलं तरी झिजतं. काका म्हणाले, "मग विचारतोस कशाला?" आणि दार लावून घेतलं.

फौंड्रीवाल्याने शिरोलीला त्याच्या केबिनमध्ये बसवून तासभर घेतला. उष्णता वाहून न्यायला तांबंच सरस, ॲल्युमिनियम त्याच्या जेमतेम साठ टक्के. मी लगेच काकांचे पाय धरायला उठणार, तर म्हणाला, थांब. तांब्याच्या रेडिएटरात नळी नि जाळीमध्ये डाख असतो आणि त्या डाखातून उष्णता रडतखडत जाते. शिवाय पितळी नळ्या बारीक ठेवाव्या लागतात, नाहीतर दाबाने फुगतात. ॲल्युमिनियमची नळी इंचभर रुंद काढता येते, जाळी थेट तिला ब्रेझ करता येते (म्हणजे भट्टीत तापवून जोडता येते), वजन तिसरा हिस्सा. म्हणून हल्ली सगळे ॲल्युमिनियम. पटलं. एवढं ज्ञान असलेल्या माणसाच्या स्वतःच्या भट्टीचं कूलिंग टॉवर बाहेर पावसासारखं गळत होतं, तिकडे मी लक्ष दिलं नाही.

मधे झाकणाचाही नाद लागला. माझं झाकण ०.९ बारचं, बाजारात १.३ चं मिळतं. सौ.ला कुकरवरून समजावलं. दाब वाढला की उकळायचं तापमान वाढतं. निम्मं कूलंट निम्मं पाणी उघड्यावर १०७ ला उकळतं, ०.९ च्या झाकणाखाली सव्वाशेच्या आसपास. १.३ लावलं तर आणखी पुढे.

"म्हणजे तापायची तेवढीच तापणार," ती म्हणाली, "फक्त बोंब मारणार नाही."

झाकण रद्द केलं.

मग रात्री. घरचे झोपले की मी मोबाईलवर रेडिएटर बघायचो. लग्नाआधी मुलींचे फोटो बघितले नसतील इतक्या बारकाईने बघायचो. कोअर (म्हणजे मधली जाळी) किती जाड, नळ्यांच्या रांगा किती, इंचाला फिन म्हणजे पत्र्याच्या पातळ पट्ट्या किती, टाकी प्लॅस्टिकची दाबून बसवलेली की ॲल्युमिनियमची वेल्ड केलेली. मूळचा होता एका रांगेचा, २६ मिलीमीटरचा. बाजारात ३६ होता, ४२ होता आणि सगळ्यात वर, दिव्यांच्या झोतात आरशासारखा पॉलिश केलेला, तीन रांगांचा ५२ मिलीमीटर. मूळच्याच्या दुप्पट! आता कोल्हापुरातल्या माणसापुढे ३६ आणि ५२ ठेवल्यावर तो काय उचलणार? आम्ही लहानपणापासून खासबागेत कुस्त्या बघत आलो. छाती बघूनच पैलवानावर पैज लावायची सवय. ५२ मागवला. साडेबावीस हजार.

पार्सल आलं. सौ.ने तो हातात घेतला, चमक बघितली, उलटापालटा केला. "चांदीचा आहे?" नाही म्हटल्यावर परत दिला. "एवढ्यात हुपरीहून दोन जोड पैंजण आले असते. ते तापलेही नसते."

बसवायला मीच बसवला. रविवारी, दारात, गल्लीतली आठ पोरं नि काका बघत असताना. रेडिएटर बसला, पण दुप्पट जाडीमुळे मागे फॅनला जागा उरेना. फॅन नि पुलीमध्ये बोट जाईना. म्हणून फॅन काढून पुढच्या बाजूला लावला. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण कशातच बसेना, ते ठेवलं माळ्यावर. दोन वायरी राहिल्या होत्या, त्या जोडल्या. फॅन गरगर फिरला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काका काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा काळजी करावी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिली चाचणी महाद्वार रोडला. पूर्वी काटा लाल व्हायला चार मिनिटं लागायची. आता अडीच.

मग उद्यमनगर. खरं तर आधीच जायला हवं होतं. अख्ख्या जिल्ह्याचं लोखंड जिथे सरळ होतं तिथे माझी एक गाडी होणार नव्हती का? पण साडेबावीस हजारांचा माल बसवून मिस्त्रीपुढे जाणं म्हणजे स्वतः केस कापून मग न्हाव्याकडे जाण्यासारखं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, रेडिएटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या मिसळवाल्याला ओरडून दोन चहा सांगितले. म्हणजे वेळ लागणार होता.

"तापते कुठं?"

मी म्हटलं, इंजिन तापतं.

"तसं न्हवं. गावात तापते का हायवेला?"

तीन महिने वाचत होतो, तीन माणसांचे सल्ले घेतले होते. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तर नव्हताच. "गावात. आणि घाटात, हळू चढताना. पुणे-बेंगळुरू हायवेला शंभरनं गेलो तर काटा हलत नाही."

"मग रेडिएटर कशाला बदललासा?"

चहा आला ते बरं झालं.

"हायवेला वारा आपणहून येतोय," मिस्त्री म्हणाले. "सिग्नलला तो फॅननं ओढून आणायला लागतोय. हायवेला तापली तर रेडिएटर बघायचा. सिग्नलला तापली तर फॅन." मग त्यांनी रद्दीतून एक पेपर घेतला, पान सोडवलं, पोऱ्याला इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि फॅन लागल्यावर पान गाडीच्या नाकासमोर धरलं. वारा आत ओढला जात असेल तर पान तोंडाला चिकटायला हवं. पान उडालं आणि पलीकडच्या लेथवाल्याच्या अंगावर जाऊन पडलं.

वायरी उलट्या जोडल्या होत्या मी. फॅन उलटा फिरत होता. गाडी वारा आत घेऊ बघायची, फॅन तो बाहेर ढकलायचा. महाद्वार रोडच्या त्या गर्दीत मी पुढच्या रिक्षाला वारा घालत बसलो होतो.

"वायरी बदलून भागंल?" मी विचारलं. (मिस्त्रींसमोर माझी भाषा बदलते.)

"भागणार न्हाई." त्यांनी ५२ च्या कोअरवर टिचकी मारली. "पैलवान दांडगा हाय, पर दम न्हाई. एवढ्या जाड छातीतनं वारा ओढायला फॅन बी तसलाच लागतोय. ह्यो पातळ फॅन नुसता म्होरची जाळी हलवतोय. आणि हे बघा." रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना हात जाईल एवढ्या फटी होत्या. वाऱ्याला कोअरमधून घुसायला कष्ट पडतात, बाजूने मोकळी वाट दिसली की तो तिकडूनच सटकतो. जोतिबाच्या चैत्री यात्रेत रांग सोडून आत शिरणाऱ्या पाव्हण्यासारखा. आणि फॅनभोवतीचं आवरण नसेल तर फॅन आपल्यासमोरच्या गोल तुकड्यातूनच ओढतो, चारी कोपरे कोरडे. माळ्यावर ठेवलेली ती प्लॅस्टिकची वस्तू गाडीतली सगळ्यात कामाची वस्तू होती. तीच पाय तुटलेल्या खुर्चीवर पालथी घातली होती आम्ही.

पुढचं थोडक्यात. जुना साफ करून चालेल का विचारलं, तर त्याची प्लॅस्टिकची टाकी चहासारखी तपकिरी झाली होती. मिस्त्रींनी नखाने दाबली आणि टवका निघाला. तेव्हा ३६ मिलीमीटरचा दोन रांगांचा आणला. फॅन पुन्हा मागे, आवरणासकट, वायरी सरळ. फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या. कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला खालचा पत्रा मिस्त्रींनी नवा बनवला. गाडीचं नाक जॅकवर उचलून सिस्टिममधली हवा काढली, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी भरलं. मजुरी सगळी मिळून साडेतीन हजार. रेडिएटर सोडून.

५२ चं काय झालं असं सौ.ने विचारलं तेव्हा मी "परत केला" म्हणालो. पुढच्याच आठवड्यात सिलिंडर बदलताना तिला तो गॅसच्या टाकीमागे सापडला. आता तो हॉलमध्ये शोकेसमध्ये आहे, तिने स्वतः ठेवलाय, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला किमतीसकट दाखवते. पैंजणांचा आकडा दर वेळी वाढतो आहे. परवा तीन जोड झाले.

गेल्या रविवारी पन्हाळ्याला निघालो. कॅन घरी. सौ.चे पाय वीस किलोमीटर मोकळे राहणार म्हणून ती बूट घालून आली होती. चढ लागला, पुढे वडापची जीप, मागे एसटी, दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत वर. काटा निम्म्यावर. मधूनच फॅन लागायचा, बंद व्हायचा, आणि मला तो आवाज नातवाच्या बोबड्या बोलांसारखा वाटायचा. वडापवाल्याला ओव्हरटेक केलं नाही. मागे लोंबकळणारा माझ्याकडे बघत राहिला, ओरडायला काही सापडेना त्याला.

मामांच्या दारात मुद्दाम थांबलो. गाडी दिसल्याबरोबर त्यांनी तवा सोडला, बादली भरून घेतली आणि पळत आले.

"पाणी नको मामा. दोन झुणका-भाकरी."

मामांनी बादली खाली ठेवली. बॉनेटकडे बघितलं, वाकून खाली बघितलं, कुठे ठिपकतंय का ते पाहिलं. मग सौ.कडे बघितलं, तिच्या पायातल्या बुटांकडे बघितलं.

"धूर न्हाई, पाणी न्हाई," ते हळूच म्हणाले. "वैनींनी ढकलत आणली व्हय?"