‘अंगावर वळ नाहीत, तर अटक नाही’ हे खरं नाही

‘नवऱ्याने नुसती धमकी दिली, मारलं नाही, तर पोलीस काही करू शकत नाहीत,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आणि घातक आहे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ मध्ये मानसिक, शाब्दिक, आर्थिक छळ आणि धमकीही येते. मात्र या कायद्याखालच्या नुसत्या अर्जावर अटक होत नाही. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्यासाठी सरकारने नेमलेला अधिकारी) किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून संरक्षण आदेश मिळवायचा. निकड असेल तर कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेशही (नवऱ्याची बाजू ऐकण्याआधीच दिलेला तात्पुरता आदेश) मिळतो. तो मोडला की कलम ३१ लागतं: एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही, कोर्ट ठरवतं) आहे. म्हणून आदेशाची प्रत कायम जवळ हवी.

दुसरा मार्ग भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ चा. त्यात मानसिक क्रौर्यही येतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण तक्रार दिली की लगेच अटक, हेही खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालानंतर (२०१४) पोलिसांना अटकेची गरज कारणांसह नोंदवावी लागते, नाहीतर हजर राहण्याची नोटीस निघते.

धमकीचे मेसेज, रेकॉर्डिंग पुसू नका. तारीख, वेळ, नेमके शब्द लिहून ठेवा. ‘त्रास देतो’ एवढंच लिहिलेली तक्रार इथेच लंगडी पडते. जिवाला धोका वाटला तर आधी ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन.